सरकीतील मजकूर आणि बाजारातील बातमी

‘माहिती’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. त्यामुळे माहितीचेही शास्त्र असू शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही. परंतु १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने माहिती मोजण्याची रीत दाखवून दिली. त्याचा विचार थोडक्यात असा की, ज्या वार्तेने आपल्या मनातील अनिश्चितता कमी होते, तीत माहिती असते. मे महिन्यात अकोल्यास कडक ऊन पडले आहे, असे कोणी सांगितले तर आपल्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. पण मे महिन्यात अकोल्याचे लोक शेकोटी पेटवून बसले आहेत, असे कळले तर त्या वाक्यात पुष्कळ माहिती आहे. सारख्याच संभवनीय अशा दोन उत्तरांतून एक नक्की करण्यास जेवढी माहिती लागते, तिला ‘बिट’ म्हणतात. माहिती मोजण्याचे हे मूळ माप होय.

कोणतीही गुंतागुंतीची व्यवस्था घ्या, तिला माहितीच्या बाबतीत तीन कामे करावी लागतात. माहिती साठवावयाची, ती इकडून तिकडे पोचवावयाची आणि तिच्यावरून काही ठरवावयाचे. ही तिन्ही कामे समजून घेण्यास वऱ्हाडच्या माणसाला दूर जावयास नको. त्याच्या कपाशीत ती आहेत.

प्रथम साठवण पाहू. सरकीच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. त्याची रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली उलगडली. हा मजकूर केवळ चार ‘अक्षरांत’ लिहिलेला असतो. आपल्या गावरानी कपाशीच्या एका संचात अशी सुमारे १७० कोटी अक्षरे आहेत. चारांतून एक अक्षर निवडावयाचे म्हणजे दोन बिट. तेव्हा हा मजकूर सुमारे ३४० कोटी बिटांचा झाला. तीनशे पानांच्या एका ग्रंथात पाच लाख अक्षरे धरली, तर अक्षरसंख्येने असे तीन हजारांहून अधिक ग्रंथ भरतील. एवढे ग्रंथालय शेतकरी मूठभरून घेतो आणि मातीत टाकतो.

मजकूर साठविला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याचा उपयोग झाला पाहिजे. पाण्याचा ताण पडला किंवा आभाळ फार दिवस भरून राहिले की कपाशी पाते आणि कोवळी बोंडे गाळते. जेवढी पोसणे शक्य, तेवढीच ती ठेवते. अळीने पान कुरतडले की ती हवेत विशिष्ट वासाची द्रव्ये सोडते, आणि अळीवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या त्या वासाने येतात. झाडाला मेंदू नाही. सर्व हकीकत एका ठिकाणी गोळा करणारी कचेरी त्यात नाही. मुळे, पाने, देठ आपापल्या जागी थोडे थोडे ठरवितात आणि त्यातून साऱ्या झाडाचा निर्णय घडतो.

बाजाराचे कामही पुष्कळसे असेच चालते. जगात किती कापूस पिकला आणि किती हवा आहे, हे कोणा एका व्यापाऱ्याला ठाऊक नसते. प्रत्येकाजवळ एखादा तुकडा असतो, आणि हे तुकडे एकत्र येऊन ‘भाव’ नावाचा एक आकडा बनतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि ते युद्ध कधी न पाहिलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ते भावातून समजले. १८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. १८७० साली मुंबई ते सुएझ अशी समुद्रातील तार जोडली गेली. ज्या बातमीला पूर्वी आठवडे लागत, ती आता तासांत येऊ लागली.

पण बातमी जलद आली म्हणून ती सर्वांना सारखी पोचली असे नाही. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत आपल्या बाजारांतून होती. दलाल आणि खरेदीदार यांना आकडा कळे. ज्याचा माल, तो समोर उभा राहूनही अजाण राही. म्हणून १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, या घटनांचे महत्त्व मोठे आहे. उघड हर्राशी म्हणजे रुमालाखालची माहिती चारचौघांत आणणे होय.

आता या व्यवस्थेतील एक दोष पाहू. माहिती दूर पाठवावयाची तर ती आखूड करावी लागते, आणि आखूड करताना काहीतरी गळते. वऱ्हाडचा कापूस परदेशी बाजारात ‘ऊमरा’ या नावाने विकला जाई. हे नाव आपल्या उमरावतीचेच. पण त्या एका नावात लांब, मऊ धाग्याची ‘बनी’ही आली आणि जाडाभरडा कापूसही आला. बनीचा धागा सरस, पण तिच्यात रुईचा उतारा कमी. जाड्या वाणाचा उतारा जास्त. नाव एक आणि भावातही पुरेसा फरक नाही, असे झाल्यावर शेतकऱ्याने जाड वाण पेरला, यात त्याचे काय चुकले? भावाने त्याला जेवढे सांगितले, तेवढे त्याने अचूक ऐकले.

याच सुमारास जिनिंगचे कारखाने निघाले. घरच्या चरकीवर रेचा केला म्हणजे आपली सरकी आपल्या घरी राही. कारखान्यात अनेक गावांचा कापूस एकत्र पडू लागला आणि पेरणीसाठी परत आली ती मिसळलेली सरकी. बाजाराने धाग्यातील भेद सांगितला नाही, आणि कारखान्याने तो बियाण्यातूनही पुसला. बनी मागे पडली ती अशी.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूचा एक जनुक, म्हणजे त्याच्या ग्रंथातील एक उतारा, कपाशीच्या ग्रंथात चिकटविला गेला. त्यामुळे झाड बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. हे बियाणे बहुतांशी संकरित असल्यामुळे त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर आईबापांचे गुण विखुरतात. मजकूर दरसाल नव्याने विकत घ्यावा लागतो. तिकडे अळ्यांच्याही पिढ्या उलटत होत्या. विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या वाचल्या आणि त्यांचाच वंश वाढला. एकही अळी काही शिकली नाही. पण अळ्यांची जात शिकली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार केला, तो आपल्या स्मरणात आहे. बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावा, असे सांगितले होते ते याच कारणासाठी. तेथे साध्या अळ्या जगाव्यात आणि विषाला न दबणाऱ्यांशी त्यांचा संकर व्हावा, हा हेतू. पण त्या ओळींचा लाभ साऱ्या गावाचा आणि तोटा एकाच्या शेताचा. एकट्याच्या हिशेबात न बसणारी ही माहिती होती, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या ओळी लागल्याच नाहीत.

यातून काय घ्यावयाचे? अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने एकेए-८४०१ सारखे देशी वाण दिले. असे वाण म्हणजे ग्रंथालयातील जुन्या प्रती होत. आज मागणी नाही म्हणून जी प्रत रद्दीत जाते, ती उद्या मागून मिळत नाही. दुसरे असे की, शेतकरी कापूस वजनावर विकतो. त्यात रुई किती निघाली हे जिनिंगनंतर घेणाऱ्याला कळते. देणाऱ्याच्या हाती तो आकडा सहसा येत नाही. रुमाल गेला, तरी ही माहिती अजून झाकलेलीच आहे. उताऱ्याचा तो आकडा शेतकऱ्याच्या पावतीवर यावा, एवढी एक मागणी या नगरातील सुजाण नागरिकांनी आपली म्हणून उचलावी, अशी माझी विनंती आहे.