गाजरगवत आलं कधी?

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या चितेगावहून पैठणकडे निघालं की रस्त्याच्या कडेला, बांधावर, कारखान्यांच्या कुंपणाशी गाजरगवत माजलेलं असतं. ते आलं कुठून, याचं उत्तर गावोगाव ठरलेलं: पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून.

पुरावा मात्र इतका सरळ नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांना हे तण १९५५ साली पुण्यात दिसलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते भारतासाठी नवी नोंद म्हणून जाहीर केलं. पीएल-४८०खालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६चा, म्हणजे झाड कराराआधीचं. अमेरिकी गहू १९५१मध्येही आला होता, त्यामुळे गहू लगेच निर्दोष सुटत नाही. पण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, याच वनस्पतीचा १८८०चा नमुना आहे, वनाधिकारी ब्रँडिस यांनी गोळा केलेला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४च्या यादीतही तिचं नाव सापडतं.

मग मधली पाऊणशे वर्षं ती गप्प का होती? कदाचित बागेपुरती उरली असेल. कदाचित नंतर धान्याबरोबर आलेलं बियाणं अधिक चिवट निघालं असेल. वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी एवढंच सांगते की अमुक दिवशी अमुक जागी हे झाड होतं. ते कुठे नव्हतं, हे ती सांगू शकत नाही. त्यात संग्राहक दुर्मीळ ऑर्किडसाठी डोंगर चढतील, उकिरड्यावरचं तण कशाला खुडतील?

मराठवाड्याची गोष्ट आणखी विरळ. कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, पण औरंगाबाद तेव्हा निजामाकडे, ग्रंथाच्या हद्दीबाहेर. या भागाची स्वतंत्र, सविस्तर नोंद व्ही. एन. नाईक यांच्या १९९८च्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’त मिळते.

म्हणून चितेगावच्या कॉलेजातल्या पोरांनी दुर्मीळ फुलांमागे धावण्याआधी गाजरगवत कागदात दाबून वाळवावं, असं मला वाटतं. गाव, तारीख, अक्षांश-रेखांश, शेजारचं पीक, सगळं चिठ्ठीवर लिहावं. कुरतडलेली पानंही फेकू नयेत. हे तण खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बंगळुरूत सोडला गेला. पानांवरची त्याची भोकं वाळल्यावरही दिसतात, आणि तारखा असलेले असे नमुने साठत गेले तर कोणत्या साली, कोणत्या महिन्यात त्याने इथलं गवत किती खाल्लं हे पुढच्यांना ताडून पाहता येईल. खुडताना हातमोजे तेवढे घालावेत. या झाडाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं.