कुलूपबंद भ्रमणध्वनी आणि वैद्याची पुडी

माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा मार्ग एकत्र येतात. त्या परिसरात चिकित्सालय चालविणाऱ्या आम्हांस अपघाताचे दृश्य नवे नाही. तथापि पावसाळ्यातील एका सायंकाळी जे घडले त्याने आम्हांस आपल्याच व्यवसायाविषयी विचार करावयास लावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुचाकी घसरून एक साठीच्या आसपासचे गृहस्थ रस्त्याकडेला बेशुद्ध पडले होते. कोणीतरी १०८ ला कळविले. खिशातून भ्रमणध्वनी काढला, तर तो कुलूपबंद. एका तरुणाने त्यांचा अंगठा त्यावर टेकवून पाहिला. चिखलाने माखलेल्या ओल्या अंगठ्याला यंत्र दाद देईना. अखेर आमच्या औषधालयातील मुलीने पडद्याच्या तळाशी असलेल्या ‘आणीबाणी’ या शब्दावर बोट ठेवले आणि वैद्यकीय माहितीची जागा उघडली. ती कोरी होती.

पत्नीचा फोन आला तेव्हा आम्ही रुग्णवाहिकेबरोबर रुग्णालयात पोहोचलो होतो. ते रोज रक्त पातळ करणारी गोळी घेत, हे तेव्हा कळले. शिरोभिघातात ही एक गोष्ट चिकित्सेची सारी दिशा बदलते, हे वैद्यांना सांगावयास नको. “शिवाय आयुर्वेदिक पुड्या चालू आहेत,” बाई म्हणाल्या. “कसल्या?” या प्रश्नावर उत्तर आले, “ते काय ठाऊक! वैद्यांनी बांधून दिल्यात.” तेथील तरुण डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही निरुत्तर होतो. गृहस्थ सुदैवाने बचावले. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही.

सोय जुनीच आहे. २००५ मध्ये इंग्लंडमधील रुग्णवाहिका-कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी आप्तांचा क्रमांक भ्रमणध्वनीत ‘आइस’ या नावाने साठवावा असे सुचविले, आणि त्याच वर्षी जुलैतील लंडन बॉम्बस्फोटांनंतर ती कल्पना सर्वत्र पसरली. पुढे फोनला कुलपे आली आणि साठविलेला क्रमांक आतच अडकला. त्यावर आयफोनने २०१४ मध्ये व अँड्रॉइडने २०१६ मध्ये कुलपाबाहेर दिसणारे माहितीपत्रक दिले. त्यात रक्तगट, ॲलर्जी, विकार, चालू औषधे व आप्तांचे क्रमांक भरता येतात. कुलूप न उघडता त्या आप्तांना फोनही लावता येतो. आयफोनमध्ये ‘हेल्थ’ ॲपच्या मेडिकल आयडीत ही माहिती भरून ‘कुलूपबंद असताना दाखवा’ हा पर्याय चालू ठेवावा लागतो; अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधील सुरक्षा व आणीबाणी या भागात ती भरतात. ११२ हा एकच आणीबाणी क्रमांक तर कुलूपबंद फोनवरूनही लागतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर १ जानेवारी २०१७ पासून आणीबाणीची कळ सक्तीची झाली: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरणे, स्मार्टफोनवर चालू-बंद कळ लागोपाठ तीनदा दाबणे. काही संचांत आता ती पाच वेळा दाबावी लागते. तेव्हा आपल्या फोनवर एकदा पाहून ठेवावे, मात्र खरोखरच फोन लागणार नाही याची काळजी घेऊन.

प्रश्न ‘चालू औषधे’ या रकान्याचा आहे. तेथे ‘आयुर्वेदिक औषध’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. यष्टीमधूचे दीर्घकाल सेवन रक्तातील पोटॅशियम घटवू शकते व रक्तदाब वाढवू शकते. मूत्रल गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्याच्या बाबतीत आत्ययिक अवस्थेत ही माहिती मोलाची ठरते. नाव, मात्रा, कधीपासून, आणि वैद्यांचा क्रमांक इतके तरी तेथे असावे. परंतु पुडीवर नावच नसेल तर रुग्णाने काय भरावे? काही ज्येष्ठ वैद्यबंधूंना योगाचे नाव उघड करणे रुचत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्या परंपरेविषयी आदर राखूनही हा आग्रह आम्हांस पटत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकांवर आपलेच अनेक आयुर्वेद पदवीधर काम करीत आले आहेत. त्यांनाही निनावी पुडीवरून काही उमगत नाही.

आम्ही आता वृद्ध व हृद्रोगी रुग्णांचा फोन त्यांच्यासमोरच हाती घेऊन माहिती भरून देतो. पाच मिनिटे पुरतात. ही माहिती फोन हाती येणाऱ्या कोणासही दिसते, हे आधी सांगतो आणि जो विकार रुग्णास उघड करावयाचा नसेल तो वगळतो. औषधालयचालकांनी पुडीवर नाव-तारखेची चिठ्ठी चिकटविली तर घरी गेल्यावर मुले-नातवंडेही उरलेले भरतात. औषध बदलले की रकानाही बदलावा लागतो. तेवढी आठवण केसपेपरवर लाल शाईने करून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेत आहोत.