घरची उपकरणे : कोणती दुरुस्ती आपली, कोणती कारागिराची?

रमजान महिन्यात असरच्या नमाजनंतर मिक्सर बंद पडला म्हणजे घरात काय गोंधळ उडतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दुरुस्तीवाला त्या दिवसांत सापडत नाही, सापडला तर "ईदनंतर या" म्हणतो. मग वैतागून नवा मिक्सर घेतला जातो आणि जुना भंगारवाल्याकडे जातो. अनेकदा त्या जुन्या मिक्सरमध्ये बिघडलेला भाग शंभर रुपयांच्या आतबाहेरचा असतो. हा इस्राफ आहे आणि व्यापाऱ्याच्या हिशेबानेही हा तोट्याचाच सौदा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनामुळे सर्वांना ठाऊक आहे. मात्र पादत्राणात वीज नसते. म्हणून कुठवर हात घालावा आणि कुठे थांबावे, हे दोन्ही सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम मिक्सर. अजिबात आवाज नसेल तर त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. वीज येत असेल तर प्लग काढून मिक्सर उलटा करावा. तळाशी लहानसे, बहुधा लाल बटण असते. भार जास्त झाला की ते उडते आणि मोटर वाचते. दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे, बटण दाबावे, भांडे न लावता चालवून पाहावे. रिकामा चालला तर दोष मिक्सरचा नसून भांड्यात कोंबलेल्या मसाल्याचा होता. रिकामे असतानाही बटण पुन्हा उडाले तर दाबत बसू नये, मोटर जळेल.

मोटर फिरते पण पाते फिरत नाही, याचे कारण बहुधा कपलर असतो. म्हणजे मोटरवर बसणारी आणि भांड्याला फिरवणारी दातेरी चकती. तिचे दाते झिजले की ती घसरते. ही चकती आट्यांवर बसवलेली असते आणि चालताना आपोआप घट्ट होईल असेच आटे असतात. म्हणून काढताना दांडा पक्का धरून चकती मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवावी लागते. उलट जोर लावणारे चकती फोडून ठेवतात. जुनी चकती सोबत नेऊनच नवी घ्यावी, कारण प्रत्येक कंपनीचे माप वेगळे.

मोटरमध्ये ठिणग्या फार दिसत असतील आणि जोर कमी झाला असेल तर कार्बन ब्रश संपत आले आहेत. थोडी ठिणगी या जातीच्या मोटरमध्ये असतेच, तिला घाबरू नये. दोन्ही ब्रश एकाच वेळी, त्याच मापाचे बदलावेत. जळक्या वार्निशचा वास आला तर मात्र वाइंडिंग गेले. ते काम कारागिराचे.

आणखी एक गोष्ट आमच्या मसालेवाल्या व खानावळवाल्या बांधवांसाठी. बऱ्याच घरगुती मिक्सरवर 30 मिनिटांचे रेटिंग छापलेले असते. त्याचा अर्थ अर्धा तास सलग असा नाही. मध्ये मध्ये विश्रांती देऊन, असा आहे. घरगुती मिक्सर धंद्याला जुंपला तर तो लवकर जातो आणि वॉरंटीही बहुधा नाकारली जाते. धंद्याला धंद्याचे यंत्र घ्यावे.

छताचा पंखा हळू फिरत असेल किंवा काठीने ढकलल्यावरच सुरू होत असेल, तर आधी कंडेन्सरवर (कपॅसिटर) संशय घ्यावा. सर्वसाधारण पंख्यात तो 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर छापलेला आकडा वाचून तोच आणावा. मोठा लावला की पंखा जोरात फिरेल, या समजुतीने लोक मोठा बसवतात आणि वाइंडिंग तापवून घेतात. काम करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडावा. जुन्या घरांत वायरमनने बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते, तेव्हा बटण बंद असूनही पंख्यात वीज असते. काढलेल्या कंडेन्सरची दोन्ही टोके मूठ झाकलेल्या पेचकसाने एकमेकांना टेकवून साठलेली वीज घालवावी. पंखा हाताने फिरवताना घरघर येत असेल तर बेअरिंग गेले. आणि नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर हे काही लागू नाही. त्यात सर्किट असते, तो उघडू नये.

आता इस्त्री. तिच्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. शिंप्यांच्या दुकानात, धोब्याच्या टेबलावर आम्ही पाहतो की इस्त्रीला दोन पिनांचा प्लग लावलेला असतो आणि हिरवी वायर कापून टाकलेली असते. का? तर दुकानात तीन पिनांचे सॉकेट लांब आहे! इस्त्रीचा तळ धातूचा, हात घामाने ओला, पाणी शिंपडलेले कापड. आत कॉइल तळाला टेकली तर वीज जायला माणसाखेरीज दुसरी वाट उरत नाही. बिघाड बहुधा दोरीत असतो, तेही ती इस्त्रीत शिरते त्या वळणावर. तेवढा तुकडा कापून उरलेली दोरी पुन्हा जोडता येते, पण तिन्ही वायरी जोडाव्यात. मग काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा. प्लग सॉकेटबाहेर ठेवून, वरची जाड पिन आणि इस्त्रीचा तळ यांमध्ये ओहम जवळजवळ शून्य यायला हवा; बाकीच्या दोन पिना आणि तळ यांमध्ये काटा हलता कामा नये. हे दोन्ही जुळले तरच इस्त्री वापरावी. नुसत्या टेस्टरवर भरवसा ठेवू नये. अर्थिंग तुटले आहे की नाही हे तो सांगत नाही. घराच्या मेनजवळ 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी असेल तर त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. नसेल तर बसवून घ्यावा.

मायक्रोवेव्ह मात्र प्लग काढल्यावरही उघडू नये, त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब साठून राहतो. गिझर व फ्रिजचा गॅसही कारागिराकडेच द्यावा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-600ए हा गॅस असतो आणि तो पेट घेणारा आहे.

कारागीर बांधवांनाही दोन शब्द. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियमच्या तारेचे वाइंडिंग करणे आणि सेकंडहँड माल दोष न सांगता विकणे, हे बाजारात चालते म्हणून जायज होत नाही. वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला, तेव्हा खालचे धान्य ओले निघाले, आणि त्या विक्रेत्याला काय ऐकावे लागले, हे आपणांस माहीत आहे. ज्या दुकानात जुना भाग दाखवतात, तिथे ग्राहक परत येतो.

फ्रिजबाबत आपल्या हातात आहे ती निगा, आणि तिची खरी परीक्षा बकरी ईदला होते. कुरबानीचे गरम मांस एकदम फ्रीजरमध्ये ठासले की कॉम्प्रेसर रात्रभर थांबत नाही. मांस आधी निववून, लहान पुड्यांत, मध्ये हवेला जागा ठेवून लावावे. ईदच्या आठवडाभर आधी प्लग काढून मागची जाळी ब्रशने साफ करावी. दारात कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज निसटला तर त्या जागी रबर सैल आहे. आणि साचलेला बर्फ सुरीने कधीही खरवडू नये. सुरीचे टोक नळीला लागले की गॅस जातो आणि ईदच्या दिवशी फ्रिज आणि मांस दोन्ही हातचे जातात. प्लग काढावा, दार उघडे ठेवावे, बर्फ आपोआप वितळेल.