दावणीची तजवीज

पर्जन्यछायेत पडलेल्या नगर जिल्ह्याच्या पाथर्डी, जामखेड, कर्जत या टापूत अवर्षण हा जवळजवळ शिरस्ताच असतानाही, 1972 च्या दुष्काळात सरकारी दृष्टी प्रामुख्याने माणसाच्या पोटावर खिळलेली होती. खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणूस तगला, परंतु घरचा कडबा सरल्यावर दावणीच्या जनावरांना मिळेल त्या किमतीस बाजार दाखवून मोकळे होण्याची पाळी कित्येक कुणब्यांवर आली. तत्पूर्वी गावची तजवीज म्हणजे परड्यातील कडब्याची गंज आणि गायरान; पुढे गायराने अतिक्रमणांनी आक्रसली, ज्वारीचे रान नगदी पिकांनी बळकावले, आणि गंजीची जागा चारा छावणीने घेतली.

2012-13 मध्ये आणि पुन्हा 2018-19 मध्ये या छावण्यांचे जणू नवे गावच वसले. बांबू व शेडनेटच्या सावलीत गावोगावची दावण लागलेली, उसाच्या वाढ्यांची कुट्टी गव्हाणीत पडत असलेली, बाजेवर म्हातारा राखणीला आणि सायंकाळी दुधाची गाडी थेट छावणीच्या तोंडाशी, असा तो संसार. मोठ्या जनावरामागचे रोजचे अनुदान 70 रुपयांपासून चढत 2019 च्या उन्हाळ्यात 100 रुपयांवर गेले. प्रारंभी एका शेतकऱ्याची पाचच जनावरे घेण्याची अट होती, तेव्हा सहावे कुठे बांधावे याचा खुलासा मात्र शासननिर्णयात नव्हता! खोट्या हजेरीला आळा बसावा म्हणून जनावरांच्या बिल्ल्यांवर बारकोड आले. खर्चाचा हिशेब असा चोख मागणाऱ्या सरकारने दुष्काळ जाहीर होण्यापूर्वी किती चारा शिल्लक आहे याचा हिशेब तितक्याच निष्ठेने ठेवला असता, तर छावण्यांची घाई काहीशी तरी टळली असती, असे मला वाटते.

2022 मध्ये लम्पी आली आणि हा अनुभव उलटा झाला. दुष्काळात जी जनावरे एकत्र आणणे हाच उपाय, तीच माश्या-गोचिडांनी पसरणाऱ्या या रोगात एकमेकांपासून तोडावी लागली. अकोले तालुक्यात बाधित गुरे आढळली, जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचली गेली, आणि मृत दुभत्या जनावरामागे 30,000 तर बैलामागे 25,000 रुपये भरपाई ठरली. छावणीत मुरलेल्या यंत्रणेला गोठ्यागोठ्यावर जाऊन फवारणी व विलगीकरण करवून घेण्याची सवय नव्हती. पुष्कळ गावांत ते काम अखेर तरुण पोरांनी आणि दूध संस्थांनी अंगावर घेतले.

आज संगमनेर-राहात्याकडील दूधधंदेवाले मूरघासाच्या पिशव्या भरून उन्हाळ्याची बेगमी करतात. पाथर्डीच्या दोन गायींच्या धन्याजवळ मूरघासापुरता मकाही नसतो, त्याची भिस्त अद्याप मामलेदार कचेरीच्या हुकुमावर आहे.