पट्टा केव्हा, हेल्मेट केव्हा? छपरावरच्या कामाचे गैरसमज

मे महिना सरत आला की भंडारा जिल्ह्यातल्या पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या गावांत कवेलू, म्हणजे कौलं, फेरायची घाई सुरू होते. माकडांनी फोडलेली कवेलू काढायची, फाट्यांवरचा कचरा झाडायचा, नवी कवेलू बसवायची, आणि हे सगळं मृगाचा पाऊस यायच्या आत. फेरणारा अनवाणीच पाख्यावर चढतो, डोक्याला फार तर दुपट्टा. खालून कुणी काळजीनं बोललं तर उत्तर ठरलेलं: "येवढुशा घराले पट्टा कायले?"

धोका उंचीच्या हिशेबानं वाढतो आणि ठेंगण्या घरावर तो नसतोच, हा छपरावरचा सगळ्यात जुना गैरसमज. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर असतो. सावरायला पाऊण सेकंद पुरत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३२ नेही उंचीचा आकडा दिलेला नव्हता. पडण्याची शक्यता असेल तिथं बंदोबस्त करा, एवढंच म्हटलं होतं. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांतही किमान उंची नाही. अमेरिकेत बांधकामासाठी ती सहा फूट आहे, म्हणजे आपल्याकडचं कौलारू घर त्यातही बसतं.

मग साधनं लागतात केव्हा? फूट मोजण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्या: कडा उघडी आहे का, आणि पायाखालचं छप्पर वजन पेलेल का. चारी बाजूंनी कमरेहून उंच, पक्का कठडा असलेल्या स्लॅबवर टाकी धुवायला गेलेल्याला पट्ट्याची गरज नाही. तिथं तो बांधायला लावणं म्हणजे निव्वळ देखावा. पण पैसे स्लॅबपर्यंतच पुरले आणि कठडा राहून गेला, तर तोच स्लॅब वेगळा. तिथं कडेजवळच्या कामाला दोर हवाच. उतरत्या पाख्यावर, मग तो कवेलूचा असो की टिनाचा, दोर नेहमीच हवा.

राइस मिलच्या छपरांवर गोष्ट आणखी बिघडते. भंडारा धानाचा जिल्हा, तुमसरची बाजारपेठ तर त्यासाठीच ओळखली जाते, आणि जुन्या मिलांवर, गोदामांवर सिमेंटचे पत्रे सर्रास दिसतात. त्यावर चढणाऱ्यांचा एक लाडका नियम आहे: नटबोल्टच्या रांगेवरून चाललं की पत्रा फुटत नाही. रांगेखाली लोखंडी आधार असतो हे खरं, पण तो जेमतेम काही इंचांचा. पाय घसरला, तोल सांभाळताना वीतभर बाजूला पडला, की ऊनपावसानं ठिसूळ झालेला पत्रा एका ठोक्यात जातो. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे त्याहून फसवे. कोंड्याच्या धुळीनं ते असे काळवंडतात की शेजारच्या पत्र्यातून ओळखू येत नाहीत. माणूस कडेवरून नव्हे, छपरातून खाली जातो. इथं आधी लोखंडी आधारांवर आडव्या फळ्या, खाली जाळी, आणि त्यानंतर पट्टा. काम खालूनच, मचाण बांधून होत असेल तर चढूच नये.

सिमेंटचे पत्रे ग्राइंडरनं कापताना तोंडाला दुपट्टा गुंडाळला की धूळ थांबते, असंही समजलं जातं. जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याचे तंतू कापडातून सहज आत जातात. पत्रा ओला करून हातकरवतीनं कापावा, आणि तेव्हाही बारीक तंतू अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा.

आता पट्ट्याबद्दल. नुसता कमरपट्टा पडणाऱ्याला झेलतो, पण सगळा झटका पोट आणि मणक्यावर देतो. अमेरिकेनं १ जानेवारी १९९८ पासून पडणं झेलण्यासाठी त्याचा वापर बंद केला. खांदे आणि मांड्यांतून जाणारा पूर्ण पट्टा घ्यावा. त्यावर भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का पाहावा.

खरी गडबड दोराच्या दुसऱ्या टोकाला होते. टाकीचा पाइप, डिशची दांडी, एका विटेचा कठडा, यांना बांधलेला दोर माणसाबरोबर खाली येतो. आधार असा हवा की हजार-बाराशे किलोंचं ओझं लटकावलं तरी हलू नये. लांबीचाही हिशेब आहे. दोन मीटरचा दोर, झटका शोषणाऱ्या पट्टीचं उलगडणं, माणसाची स्वतःची उंची आणि थोडी मोकळी जागा धरली तर खाली सहा मीटर लागतात. एकमजली घराची उंची त्याच्या निम्मी. म्हणजे बाजारातला नवाकोरा, झेलणारा दोर बांधूनही माणूस जमिनीवर आपटेल. तिथं दोर इतका आखूड ठेवायचा की काम करणारा कडेपर्यंत पोचूच नये. कवेलूच्या घरावर तो आढ्यावरून पलीकडे टाकून जाड बुंध्याला बांधता येतो. ट्रॅक्टरला मात्र नाही. तो कुणीतरी सुरू करतोच.

अलीकडे छपरावर सोलरवाले चढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. या कामातला गैरसमज नवा: मेन स्विच पाडला की करंट नाही. ऊन आहे तोवर पॅनेल वीज बनवतच राहतं. सहा पॅनेल एकामागून एक जोडली की उन्हात ३०० व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, तोही डीसी. जोडणीच्या वेळी विद्युतरोधक हातमोजे हवेत, आणि चालू करंटवर जोड ओढून काढायचा नाही. अंगावरचा पट्टा किंवा हेल्मेट करंटपुढे उपयोगी नाही. अ‍ॅल्युमिनियमची शिडी घरावरून जाणाऱ्या ११ केव्ही तारेजवळ नेणं तर कुठल्याच साधनाच्या आवाक्याबाहेरचं.

हेल्मेट वरच्यालाच लागतं असंही नाही. शिडी धरून उभा असलेला, कवेलू वर देणारा पोरगा अधिक उघड्यावर असतो. आणि वरच्यानं हनुवटीचा पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जातं.

आभाळातल्या विजेपुढे यातलं काहीच चालत नाही. कवेलू फेरायचे दिवस आणि वळवाच्या विजा एकाच वेळी येतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. गडगडाट कानावर आला की उतरायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास चढायचं नाही. उघड्या राहिलेल्या भागासाठी ताडपत्री सकाळीच आढ्यापाशी बांधून ठेवायची.