मौनाचा उपरोध

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून अनेक दशके ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून वाचकांना भेटत राहिला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि मौन, एवढेच त्याचे भांडवल. मंत्र्यांची आश्वासने, महागाई, रस्त्यांतील खड्डे, सारे तो पाहत असे. बोलत मात्र नसे. उपरोधाचा नेम सत्तेच्या वागणुकीवर असे. म्हणूनच दुकान उघडण्यापूर्वी आजोबा आणि नातू ते चित्र एकत्र पाहून हसू शकत. आज मोबाइलवरून क्षणार्धात पसरणाऱ्या राजकीय विनोदांत टीका आणि टवाळी यांतील सीमारेषा पुसट होत आहे. विनोद पुढे धाडण्यापूर्वी तो घरातील सर्वांसमोर मोठ्याने वाचता येईल का, एवढे तपासले तरी पुरे.