आजारपणातील मजुरी : कायदा काय देतो आणि कोणाला देतो

रुग्णाला घरी केव्हा पाठवावे, हे डॉक्टर ठरवितात असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या वॉर्डांत मात्र ही गोष्ट पुष्कळदा मजुरीच ठरविते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की टाके निघण्यापूर्वीच ‘उद्या सुट्टी द्या’ अशी विनंती होऊ लागते. वेचणीचे पैसे किलोच्या भावाने मिळतात. जी बाई वावरात नाही, तिला त्या दिवसाचे काहीच मिळत नाही. आणि तिच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याचाही रोज बुडतो. औषधोपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून काही प्रमाणात भागतो. बुडालेली मजुरी मात्र त्यांतून भरून निघत नाही. म्हणूनच या विषयीची माहिती यंदाच्या अहवालात द्यावी असे आम्हांस वाटले.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला. त्याच्या पाठोपाठ १९३० साली मध्य प्रांताने, म्हणजे ज्या प्रांताच्या कारभाराशी त्या वेळी आपले वऱ्हाड जोडलेले होते त्याने, तसाच कायदा केला. मुंबईच्या विधेयकावर १९२८ मध्ये बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे अशी भूमिका मांडली होती, आणि त्याचा भार बऱ्याच अंशी शासनाने उचलावा असेही म्हटले होते. कायद्याने तो भार मालकावर टाकला. सगळा खर्च एकट्या मालकाच्या अंगावर आला की तो स्त्रियांना कामावर घेण्यासच कचरतो. ही अडचण तेव्हापासून आजवर सुटलेली नाही.

यावरचा उपाय म्हणजे विमा. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. त्याची रीत सोपी आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम निधीत जमा होते. दरमहा रु. १२,००० मिळविणाऱ्या कामगाराचे रु. ९० आणि मालकाचे रु. ३९०. हा कामगार आजारी पडला आणि त्याची पुरेशी वर्गणी भरलेली असली, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत त्याला सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. रोज रु. ४०० धरला तर दिवसाला रु. २८०, आणि ९१ दिवसांचे रु. २५,४८०. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत लाभाचा दर आणि मुदत दोन्ही वाढतात. प्रसूतीसाठी २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. पैसा निधीतून येत असल्याने मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, पुसद या भागांत कारखाना म्हटला की डोळ्यांसमोर येते ती जिनिंग-प्रेसिंग. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत सरकी काढणे व कापसाच्या गाठी बांधणे ही कामे नावानिशी घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली, तरी हा अपवाद कायम राहिला. ज्या पिकावर हा जिल्हा जगतो, त्याच पिकाचा कामगार आजारपणाच्या विम्याबाहेर आहे. रुईच्या धुळीने छाती भरलेले कामगार तपासताना ही गोष्ट आम्हांस विशेष बोचते.

प्रसूतीची रजा मात्र जिनिंगमधील स्त्रीलाही लागू आहे, कारण ती तरतूद सर्व कारखान्यांना आहे. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हक्क उत्पन्न होतो. एका हंगामात ८० दिवस सहज भरतात. परंतु ठेकेदाराच्या हजेरीपटावर नावच नसेल तर ते सिद्ध कसे करावयाचे? शेतमजूर स्त्रीला तर हाही मार्ग नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे : पात्र गटातील स्त्रीला पहिल्या अपत्यासाठी रु. ५,०००, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास रु. ६,०००. रोज रु. ४०० प्रमाणे २६ आठवड्यांची मजुरी रु. ७२,८०० होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे अधिक सांगावे लागत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा मृतांच्या कुटुंबांना शासनाने मदत जाहीर केली. जे वाचले, पण ऐन हंगामात अनेक दिवस काम करू शकले नाहीत, त्यांच्या मजुरीसाठी आजारपणाचा विमा नव्हता.

रोज वेगळ्या मालकाकडे काम करणाऱ्याला विमा देता येत नाही, असे म्हटले जाते. महाराष्ट्रानेच १९६९ साली माथाडी कायदा करून याचे उत्तर दिले आहे. हमाल कोणाकडेही ओझे उचलो, मालक मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि त्यातून रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी आदी लाभ दिले जातात. अशीच रचना जिनिंगसाठी का असू नये, हे आम्हांस कळत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जेथे आपली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, २००९ पासून आजारी नातेवाइकाच्या शुश्रूषेसाठीही विम्यातून वेतनाचा काही भाग मिळतो. आपल्याकडे उशाशी बसणाऱ्याचा विचार अद्याप कोणत्याच कामगार कायद्यात झालेला नाही. नव्या संहितेत असंघटित कामगारांसाठी आरोग्य व प्रसूती लाभाच्या योजना आखण्याचा अधिकार केंद्र शासनास दिलेला आहे. तो वापरला जावा अशी आमची अपेक्षा आहे.

तोवर आहे तो लाभ तरी पदरात पडावा. विमाधारक कामगाराने दाखल होतानाच आपला विमा क्रमांक सांगावा आणि घरी जाताना आजारपणाच्या दिवसांची नोंद असलेली कागदपत्रे मागून घ्यावीत. बांधकाम मजुराने वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. तेथे पहिल्या दोन प्रसूतींसाठी अर्थसाहाय्य मिळते. गर्भवतीने पहिल्याच तपासणीच्या वेळी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे नाव घालावे. अर्ज भरून देण्याचे काम आमचा समाजसेवा विभाग विनामूल्य करतो.